नाण्यावरील क्षतीचे कारण आणि लेखाचे वाचन : तेर येथील नाण्यांच्या अनुरोधाने

१. प्रश्नाचे स्वरूप

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे गाव म्हणजेच प्राचीन तगर होय, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली साधार दाखवून दिले. ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हणून तगराचा उल्लेख येतो, आणि तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जात असे, असेही तीत सांगितले आहे. गावाभोवतालच्या पांढरीच्या टेकाडांवर मणी, मृत्पात्रांचे तुकडे, भाजक्या मातीच्या प्रतिमा आणि नाणी दीर्घकाळ उघडी पडत आली आहेत. अशाच वस्तू चिकाटीने जमवून रामलिंगप्पा लामतुरे यांनी जो संग्रह उभा केला, तो आज तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाचा आधार झाला आहे. १९५८ साली चापेकर यांनी येथे उत्खनन केले आणि त्यानंतरही येथे उत्खनने झाली.

या परिसरात मिळणारी सातवाहनकालीन नाणी मुख्यतः शिसे, तांबे आणि पोटीन या धातूंची असतात. तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रणास पोटीन ही संज्ञा रूढ आहे. अशा नाण्यावर एका बाजूस सोंड वर केलेला हत्ती आणि दुसऱ्या बाजूस ‘उज्जयिनी चिन्ह’ असले, तर त्याचा वर्ग ओळखणे कठीण जात नाही. अडचण येते ती लेखाच्या बाबतीत. हत्तीभोवती फिरणारा ब्राह्मी लेख संपूर्ण मिळणे हा अपवाद होय. पुष्कळदा ‘…पुतस सिरि सातकणिस’ एवढीच अक्षरे हाती लागतात आणि आरंभीची दोनतीन अक्षरे गेलेली असतात. परंतु सातकर्णी हे नाव सातवाहन कुळातील अनेक राजांनी धारण केले होते. ‘गोतमिपुत’ आणि ‘वासिठिपुत’ यांसारख्या मातृनामांवरूनच त्यांपैकी एकाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखता येते. म्हणजे नाण्याची दोनतीन यव एवढी कड गेली की राजाची ओळखही तिच्याबरोबर जाते.

अशा वेळी अभ्यासकाचा पहिला प्रश्न बहुधा ‘गेलेले अक्षर कोणते असावे?’ असा असतो. वस्तुतः त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारला पाहिजे : ते अक्षर गेले कशाने? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून पहिल्याचे उत्तर म्हणजे केवळ तर्क ठरतो. कारण क्षती कशाने झाली हे कळले म्हणजे हरवलेले अक्षर कोठे शोधावे, किंबहुना ते शोधण्यात अर्थ आहे की नाही, हे ठरते.

२. अक्षर नसण्याच्या पाच अवस्था

नाण्यावर एखादे अक्षर दिसत नाही, या एकाच वाक्यात पाच निरनिराळ्या परिस्थिती दडलेल्या असतात. पहिली, ते अक्षर ठशातच नव्हते. कोरणाऱ्याने ते गाळले. दुसरी, ते ठशात होते, परंतु नाण्याच्या चकतीवर उमटले नाही. चकती ठशापेक्षा लहान होती, ती सरकली, किंवा घाव हलका पडला. तिसरी, ते उमटले होते, परंतु हाताळण्याने झिजले अथवा कोणीतरी कापून, टोचून, कातरून नाहीसे केले. चौथी, त्यावर दुसरा ठसा मारला गेला. पाचवी, ते अद्याप आहे, परंतु धातूवर चढलेल्या पुटाखाली झाकले गेले आहे.

या पाचही अवस्थांत शोधाची दिशा वेगळी आहे. पहिलीत अक्षर कोठेच मिळणार नाही. येथे प्रश्न कोरणाऱ्याच्या भाषेचा अथवा अज्ञानाचा आहे. दुसरीत ते त्याच ठशाने पाडलेल्या दुसऱ्या नाण्यावर मिळू शकते. तिसरीत तिरप्या प्रकाशात त्याची पुसट छाया तेवढी सापडण्याचा संभव असतो. चौथीत दुसऱ्या ठशाच्या सखल भागांतून मूळ अक्षराचे अवशेष डोकावतात. पाचवीत अक्षर जागच्या जागी सुरक्षित असते आणि उतावीळपणे नाणे घासले तरच ते नष्ट होते. या अवस्थांची गल्लत झाली तर झिजलेल्या अक्षराला नवे रूप समजण्याचा, अथवा खऱ्याखुऱ्या भाषिक रूपाला दोष समजून ‘दुरुस्त’ करण्याचा प्रमाद घडतो. म्हणून प्रत्येक अवस्थेची लक्षणे स्वतंत्रपणे पाहणे अगत्याचे आहे.

३. टाकसाळीत उद्भवणारे दोष

ठसा मारून पाडलेल्या नाण्याच्या बाबतीत एक नियम सर्वांत उपयुक्त आहे. ठशात जे खोल असते ते नाण्यावर उंच उमटते. यावरून ठशाचा दोष व नाण्याचा दोष यांत भेद करता येतो. ठशाला चीर गेली असेल, तर त्या चिरेत धातू शिरून नाण्यावर एक बारीक उंच रेषा येते. उलट, नाण्याच्या चकतीलाच तडा गेला असेल, तर तो खोल असतो, बहुधा कडेपासून आत शिरतो आणि टोकाकडे निमुळता होतो. म्हणून नाण्यावर उंचावलेली, अक्षराला छेदून जाणारी रेषा आढळली, तर ती नाण्यावर पुढे झालेला आघात असूच शकत नाही. आघाताने धातू दबतो किंवा सरकतो. नवा धातू निर्माण होत नाही.

ठशाच्या दोषाचे दुसरे लक्षण म्हणजे त्याची पुनरावृत्ती. एका ठशाने शेकडो नाणी पाडली जात. ठशात आलेली उणीव त्यानंतरच्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी उतरते. हस्तलिखितांच्या परंपरेत समान अशुद्धांवरून पोथ्यांचे कूळ ठरविले जाते, तद्वतच समान दोषांवरून एका ठशाची नाणी एकत्र आणता येतात. एकाच्या डाव्या कडेचा लेख गेला असेल आणि दुसऱ्याच्या उजव्या कडेचा, तर दोन्ही मिळून ठशावरील लेख पूर्ण होतो. दक्षिणेतील खंडित सातवाहन नाणेलेखांच्या पूर्तीचा हाच सर्वांत विश्वसनीय मार्ग आहे.

चकती ठशाखाली सरकली असेल तर लेख एका बाजूस अर्धवट राहतो व समोरच्या बाजूस कोरी जागा सुटते. कड कातरलेल्या नाण्यात अशी कोरी जागा नसते. तेथे अक्षरे एकाएकी तुटतात, कडेचा काप सरळ अथवा पैलूदार असतो आणि वजन त्या वर्गाच्या सर्वसाधारण वजनाहून कमी भरते. सरकलेल्या नाण्याचे वजन मात्र पूर्ण असते. म्हणजे पाहण्याआधी तोलणे हे या शास्त्रातील पहिले पाऊल होय.

पोटीनच्या नाण्यांबाबत आणखी एक सावधगिरी लागते, कारण त्यांत साच्यात ओतलेली नाणीही आढळतात. ओतीव नाण्यात वायूचे बुडबुडे राहून गोल, गुळगुळीत भिंतींचे खळगे पडतात. मातीच्या साच्याच्या पृष्ठभागावरच पोकळी राहिली, तर तीत धातू भरून नाण्यावर लहानसा उंच मणी उभा राहतो. हा मणी एखाद्या अक्षराच्या माथ्याजवळ आला तर तो हुबेहूब अनुस्वारासारखा दिसतो. ज्या लिपीत अनुस्वार हा केवळ एक बिंदू आहे, त्या लिपीच्या वाचकाने असा बिंदू अन्य नाण्यांवर पडताळून पाहिल्यावाचून स्वीकारू नये.

४. चलनात आणि माणसाच्या हाती झालेल्या क्षती

झीज ही सर्वांत सामान्य क्षती होय आणि तिचे लक्षण म्हणजे तिचा अनुक्रम. जे सर्वांत उंच ते सर्वांत आधी झिजते. हत्तीचे गंडस्थळ व पाठ गुळगुळीत झाली असून सखल भागातील अक्षरे स्पष्ट असतील, तर ती झीज होय. उलट, हत्तीची पाठ स्पष्ट असून केवळ एका बाजूची अक्षरे मंद असतील, तर घाव तिरपा पडला असे मानावे लागते. ब्राह्मीच्या वाचनात झिजेचे परिणाम फसवे असतात. ‘त’ या अक्षराचा वरचा दंड झिजला तर खाली उरलेला कोन ‘ग’सारखा दिसतो, ‘ह’चा उजवीकडील फाटा गेला तर ते अक्षर ‘प’कडे झुकते, इकाराची माथ्यावरील लहान मात्रा तर सर्वांआधी दिसेनाशी होते. म्हणून ‘सिरि’ऐवजी ‘सर’ दिसले, तर स्वरलोपाचा विचार करण्यापूर्वी त्या जागेवरील धातूची पातळी तपासावी.

झिजेचा गणिती अभ्यास कसा करावा, याचा आदर्श दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४०च्या सुमारास घालून दिला. चांदीची आहत नाणी मोठ्या संख्येने तोलून त्यांनी असे दाखविले की, नाण्याच्या मागील बाजूस मारलेल्या लहान खुणा जसजशा वाढतात तसतसे गटाचे सरासरी वजन नियमितपणे घटते. या खुणा चलनातील तपासणीच्या असाव्यात व त्यांची संख्या म्हणजे नाणे किती काळ फिरले याचे माप होय, असा अर्थ त्यावरून निघतो. या पद्धतीचे मर्म असे की झीज हा नियम गटाला लागू पडतो; एकट्या नाण्याच्या वजनावरून त्याचे वय सांगू पाहणे धोक्याचे असते. भाषेतील ध्वनिपरिवर्तनाचा नियमही एका शब्दावरून सिद्ध होत नाही, हे येथे सहज आठवावे.

सराफाच्या पारखखुणा आणि परीक्षेसाठी दिलेले छेद हे हेतुपुरस्सर केलेले आघात होत. छिन्नीच्या छेदाचा आडवा काप इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंस धातू किंचित वर उचललेला असतो आणि पाठीमागे त्या जागी फुगवटा येतो. वरून मुलामा व आत हीन धातू असे नाणे उघडे पाडण्यासाठी असा छेद दिला जाई. परंतु आघाताचे साधन ओळखणे आणि त्याचा हेतू ओळखणे या भिन्न गोष्टी आहेत. पुदुकोट्टै येथे मिळालेल्या व १८९८ साली प्रकाशात आलेल्या ५०१ रोमन सुवर्णनाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर सम्राटाच्या मुखावरून छिन्नीचा एक छेद गेलेला आहे. छेद कशाने झाला याविषयी वाद नाही. तो कशासाठी केला याविषयी मात्र एकमत नाही. नाणे चलनातून बाद करण्यासाठी, कस पाहण्यासाठी, की मूर्तीचा अधिकार मोडण्यासाठी, असे तिन्ही पर्याय मांडले गेले आहेत. धातू साधनाची साक्ष देतो, मनाची देत नाही, ही मर्यादा ओळखूनच लिहिले पाहिजे.

नाण्याला पडलेले भोक ही महाराष्ट्रात अतिशय परिचित क्षती होय. पुतळ्यांची माळ हा अलंकार घरोघरच्या आणि देवस्थानांच्या ठेव्यात आढळतो. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरील मानवाकृतीवरूनच ‘पुतळी’ हे नाव आले. अशा नाण्याला कडी जोडलेली असेल तर कडी तुटल्यावरही डाखाचा डाग व त्याभोवती तापल्याने बदललेला धातू मागे राहतो. भोक टोच्याने पाडले असेल, तर ज्या बाजूने टोचा घातला तिकडे कड आत दबलेली व दुसऱ्या बाजूस बाहेर फाटलेली असते. सामत्याने पाडले असेल, तर भिंत सरळ असून तीवर गोल रेषा दिसतात. भोकाची एक बाजू दोऱ्याने ओढून लांबट झाली असेल, तर ते नाणे दीर्घकाळ अंगावर वागविले गेले. भोक प्रतिमेच्या डोक्यावर नेमके असेल, तर ते पाडणाऱ्याला प्रतिमा सुलटी दिसावी असे वाटत होते. आडवेतिडवे असेल, तर त्याच्या लेखी नाणे म्हणजे धातूची एक चकती एवढेच होते. अलंकार म्हणून वापरलेल्या नाण्याची अंगाकडील बाजू अधिक झिजते, त्यामुळे एका बाजूचा लेख शाबूत व दुसऱ्या बाजूचा नष्ट, अशी विषमता निर्माण होते.

५. पुनर्मुद्रण : जोगलटेंभीचा साठा

हेतुपूर्वक केलेल्या क्षतीचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली क्षहरात क्षत्रप नहपान याच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. एच. आर. स्कॉट यांनी तो अभ्यासून प्रसिद्ध केला. या साठ्यातील ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे : एका बाजूस तीन कमानींचे चैत्य अथवा पर्वतचिन्ह व त्याभोवती राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. वरवर पाहणाऱ्यास अशा नाण्यावरील नहपानाचे मुख म्हणजे निव्वळ विद्रूप झालेला उठाव वाटेल. प्रत्यक्षात ती एक राजकीय घोषणा आहे. क्षहरातांचा उच्छेद केल्याचा जो दावा नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात केला आहे, त्याची साक्ष हजारो नाण्यांच्या पृष्ठभागावर उमटलेली आहे.

कोणता ठसा आधीचा व कोणता नंतरचा, हे येथे धातूवरूनच ठरते. नंतरच्या ठशाच्या रेषा अखंड जातात. आधीच्या रेषा त्यांच्यापाशी तुटतात, दबतात किंवा वाकतात. नव्या ठशाचा दाब जेथे कमी पडला, त्या सखल जागांत नहपानाच्या लेखाची अक्षरे शिल्लक राहतात. एका नाण्यावर ती डावीकडे असतात, दुसऱ्यावर उजवीकडे. म्हणून हे साठे एकेका नाण्याने न वाचता समूहाने वाचावे लागतात. या नाण्यांच्या निमित्ताने दुसरीही एक गोष्ट ध्यानात येते. नहपानाच्या नाण्यांवर ब्राह्मी व खरोष्ठी लेखांबरोबर ग्रीक अक्षरांतही तोच प्राकृत मजकूर आहे आणि ही ग्रीक अक्षरे पुष्कळदा बिघडलेली आहेत. हा बिघाड झिजेचा नाही, कारण अक्षरांच्या कडा तीक्ष्ण आहेत. तो ग्रीक न जाणणाऱ्या कोरणाऱ्याच्या हातचा आहे. पुढील पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांवर तर ही अक्षरे केवळ नक्षी होऊन राहिली. क्षती आणि अपभ्रष्ट लेखन यांतील भेद तीक्ष्ण कडेवरून कळतो, हे सूत्र येथे हाती येते.

६. मातीत झालेल्या क्षती

मराठवाड्यातील शेतकरी गावाच्या जमिनीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग करतो. काळी म्हणजे कसदार शेतजमीन, पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची राखाडी माती. नाण्यांच्या अभ्यासकालाही हा भेद महत्त्वाचा आहे. पांढरीत राख, हाडे, शेण आणि क्षार मिसळलेले असतात. त्यांतील क्लोराइडे तांब्याला फार बाधक ठरतात. काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली, चिकण व बहुधा किंचित अल्कधर्मी असते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. अशा भेगांतून वरच्या थरातील नाणे खालच्या थरात जाऊ शकते. म्हणून काळ्या मातीत सापडलेल्या नाण्याची खोली हा काळाचा निर्विवाद पुरावा मानता येत नाही.

तांब्याच्या नाण्यावर धातूलगत लालसर क्युप्राइट व त्यावर हिरवे मॅलेकाइट असे थर चढतात. हे पुट घट्ट व गुळगुळीत असेल तर ते हानिकारक नसून रक्षक असते; अक्षरांची रूपरेषा पुष्कळदा त्या पुटातच टिकून असते. ते खरवडले की अक्षरही जाते. क्लोराइडाचा विकार मात्र निराळा. त्यात फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी ठिपक्याठिपक्यांनी फुटते. तिच्या खाली खोल, वेड्यावाकड्या कडांचे खळगे पडतात आणि हवा दमट असेल तर नाणे पेटीत ठेवल्यावरही विकार चालूच राहतो. ओतीव नाण्यातील बुडबुड्याचा खळगा गोल व गुळगुळीत, विकाराचा खळगा ओबडधोबड व भुकटीने भरलेला, हा भेद साध्या भिंगातूनही दिसतो.

शिशाच्या नाण्यावर राखाडी अथवा पांढरे कार्बोनेटचे पुट येते. नाणे फुगते व त्याची कड ठिसूळ होऊन ढलप्या निघतात. चांदीच्या नाण्यावर गंधकामुळे काळे पुट, तर क्षारयुक्त मातीत करडे, मेणचट क्लोराइड तयार होते. तांबे मिसळलेली चांदी शतकानुशतके जमिनीत राहिली म्हणजे तिच्या कणांच्या सीमांवर तांबे वेगळे होऊन ती ठिसूळ बनते. असे नाणे हातातून पडले तरी काचेसारखे मोडते. मोडलेल्या जागी वाकल्याची खूण नसेल व भंग दाणेदार असेल, तर प्राचीन काळी कोणी ते तोडले अशी कल्पना लढविण्याचे कारण नाही.

७. सापडल्यानंतरच्या क्षती

नाण्याच्या आयुष्यातील मोठी हानी पुष्कळदा ते सापडल्यावर होते. नांगराचा फाळ किंवा कुदळ लागली तर जो चरा पडतो त्याच्या तळाशी उघडा, चकचकीत धातू दिसतो. चिंच, लिंबू किंवा आम्ल लावून घासलेल्या तांब्याच्या नाण्यावर गुलाबीसर, खडबडीत पृष्ठभाग उरतो आणि पुट फक्त अक्षरांच्या कोनाकोपऱ्यांत शिल्लक राहते. वाळूने घासल्यास एकमेकांस समांतर बारीक ओरखडे पडतात. ते उंच व सखल अशा दोन्ही भागांवरून सारखेच गेलेले असतात, म्हणून त्यांना चलनातील झीज म्हणता येत नाही. शिशाच्या नाण्यांना लाकडी कपाटे व पुठ्ठ्याच्या पेट्या यांतून निघणारी सेंद्रिय आम्लांची वाफही बाधते. संग्रहात आल्यावर पांढरी पडत गेलेली नाणी बहुधा याच कारणाची असतात. कोणत्याही संग्रहाची जुनी छायाचित्रे व वजनाच्या नोंदी यासाठीच मोलाच्या होत. त्यांच्याशी तुलना केल्यावाचून क्षती प्राचीन की अर्वाचीन, याचा निर्णय पुष्कळदा होत नाही.

८. क्रमनिर्णय

वरील लक्षणे सुटी सुटी उपयोगी असली तरी त्यांचे खरे बळ क्रम ठरविण्यात आहे. उत्खननात ज्याप्रमाणे खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा मानतात, त्याचप्रमाणे नाण्याच्या पृष्ठभागावरही थर असतात. येथे कसोटी पुटाची. छेदाच्या आत व छेदाच्या बाहेर पुट सारखेच व अखंड असेल, तर छेद जमिनीत जाण्यापूर्वीचा आहे. पुट छेदापाशी तुटून आत नवा धातू दिसत असेल, तर तो बाहेर काढताना किंवा त्यानंतर झालेला आहे. छेदाच्या कडा मूळच्या तीक्ष्ण न राहता गोलावल्या असतील, तर छेद झाल्यावरही नाणे चलनात होते.

उदाहरणादाखल पोटीनचे एक नाणे कल्पावे. त्यावर लेखाचा उत्तरार्ध आहे, आरंभ नाही. हत्तीच्या पाठीवर एक खोल रेषा आहे. कडेला भोक आहे. आणि हत्तीच्या पायाशी फिकट हिरवी भुकटी आहे. वजन त्या वर्गाच्या मानाने पूर्ण भरते. लेखाच्या समोरच्या बाजूस कोरी कड आहे. यावरून आरंभीची अक्षरे उमटलीच नाहीत, चकती सरकली, असे ठरते. खोल रेषेच्या आत बाहेरच्यासारखेच पुट आहे व तिच्या कडा गोलावलेल्या आहेत. म्हणजे तो चलनातील छेद होय. भोकाच्या भिंतीवरही तेच पुट आहे, परंतु त्याच्या कडा तीक्ष्ण आहेत. ते छेदानंतर, नाणे चलनातून जाण्याच्या सुमारास पाडले असावे. भुकटीने पुटाचा थर फोडलेला आहे; ती सर्वांत अलीकडची आणि अजून चालू असलेली हानी होय. आता पुढील कृती स्पष्ट होते. मातृनाम शोधण्यासाठी हे नाणे घासण्याचा काही उपयोग नाही, कारण ते येथे कधीच नव्हते. त्याच ठशाचे दुसरे नाणे शोधले पाहिजे. तातडीने करावयाचे ते एवढेच की, नाणे कोरड्या जागी ठेवून भुकटीचा विकार थांबविणे.

या परीक्षेसाठी लागणारी साधने फार नाहीत. तिरपा प्रकाश, दहापट मोठे दाखविणारे भिंग, अचूक तराजू आणि दोन्ही बाजूंची प्रमाणबद्ध छायाचित्रे एवढ्याने बहुतेक निर्णय होतात. पुटाखालची अक्षरे पाहण्यासाठी क्ष-किरण छायाचित्र व धातूचे प्रमाण जाणण्यासाठी क्ष-किरण प्रतिदीप्ती या पद्धती उपलब्ध आहेत आणि त्यांत नाण्यास इजा होत नाही. मात्र प्रतिदीप्तीचे माप केवळ पृष्ठभागाचे असते. पुट चढलेल्या नाण्याच्या अंतर्भागातील मिश्रण त्यावरून ठरवू नये.

९. भाषेच्या अभ्यासकास यातून मिळणारा नियम

प्राकृताच्या इतिहासासाठी सातवाहन नाणी हे मोलाचे साधन आहे. हस्तलिखितांप्रमाणे त्यांच्यावर पुढच्या पिढ्यांच्या लेखकांचे संस्कार झालेले नाहीत. ज्या काळी ठसा कोरला त्याच काळची भाषा त्यांवर आहे. म्हणूनच त्यांवरील प्रत्येक रूपाची छाननी करावी लागते. त्यासाठी तीन पायऱ्यांचा नियम मांडता येतो. जे रूप एकाच नाण्यावर आढळते, ते क्षती ठरण्याचा संभव सर्वांत अधिक. जे रूप एकाच ठशाच्या अनेक नाण्यांवर आढळते, ते कोरणाऱ्याचे किंवा ठशाचे. जे रूप भिन्न भिन्न ठशांवर, विशेषतः भिन्न ठिकाणच्या नाण्यांवर आढळते, तेच भाषेचे अथवा रूढ लेखनपद्धतीचे मानावे.

‘पुतस’ या रूपाने हा नियम पडताळता येतो. प्राकृत व्याकरणाच्या अपेक्षेप्रमाणे येथे ‘पुत्तस्स’ असे दोन ठिकाणी द्वित्व हवे. ते नाही, परंतु ते कोणत्याच ठशावर नाही आणि तत्कालीन शिलालेखांतही सामान्यतः नाही. म्हणून ही लेखनाची रूढी होय, कोणत्याही अक्षराचा लोप नव्हे. चांदीच्या मुखांकित नाण्यांचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णी, यज्ञ सातकर्णी इत्यादींच्या या नाण्यांवर एका बाजूस राजाच्या मुखाभोवती प्राकृत लेख, तर दुसऱ्या बाजूस दाक्षिणात्य वळणाच्या भाषेतील लेख आहे. त्या दुसऱ्या लेखात ‘सातकणि’च्या जागी ‘हातकणि’ असे रूप येते. एखादेच नाणे उपलब्ध असते तर हा ‘ह’ म्हणजे बिघडलेला ‘स’ असे म्हणून तो सोडून देता आला असता. परंतु तो निरनिराळ्या राजांच्या नाण्यांवर पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा ती क्षती नसून ध्वनीची वस्तुस्थिती आहे. याच लेखातील ‘सिरि’शी जुळणारा शब्द काही वाचनांत ‘हिरु’, तर काही वाचनांत ‘तिरु’ असा दिला जातो. एका अक्षराच्या या फरकावर तो शब्द प्राकृताच्या बोलीत बसवावयाचा की द्राविडी भाषेत, हा मोठा निर्णय बराचसा अवलंबून राहतो. अशा ठिकाणी छायाचित्रावरून वाद घालण्यापेक्षा त्या अक्षराच्या जागी धातूची काय अवस्था आहे, घाव पूर्ण होता काय, कड तीक्ष्ण आहे काय, ठसे किती भिन्न आहेत, हे नोंदविणे अधिक फलदायी होईल. नाण्याच्या प्रकाशनात वाचनाबरोबर क्षतीचीही नोंद द्यावी, ही अपेक्षा त्यामुळेच रास्त ठरते.

शेवटी एका व्यावहारिक बाबीचा उल्लेख आवश्यक आहे. १८७८च्या भारतीय निखातनिधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. अभ्यासाच्या दृष्टीनेही नाणे कोठे, कोणत्या मातीत, कशाच्या सान्निध्यात मिळाले, ही माहिती त्याच्या लेखाइतकीच मोलाची असते. क्षेत्रकार्यासाठी तेर, परंडा, नळदुर्ग या बाजूस जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी गावकऱ्यांना एवढे सांगितले तरी पुरे की, सापडलेले नाणे उजळू नये. मातीने माखलेल्या नाण्यावरील अक्षर उद्या वाचता येते; घासून चकचकीत केलेल्या नाण्यावरील अक्षर कोणालाही परत आणता येत नाही.